कोंबड्याचा धर्मबाप

इकडे, वर बघा. नाही हो, ते घड्याळ. ते १९५२ पासून पाच मिनिटं मागे आहे, त्याचं ऐकू नका. त्याच्याही वर. हां! चर्चच्या मनोऱ्यावर एका पायावर उभा असलेला, शेपटीला भोक पडलेला तांब्याचा कोंबडा दिसतोय ना, तो मी. ओतबेक या फ्रेंच गावचा कोंबडा. मला आरवता येत नाही. अंड्यांचा तर प्रश्नच नाही. पण गेली एकशे अठरा वर्षं वारा कुठून येतोय हे मी या नॉर्मन लोकांना न चुकता सांगतोय. कोणी कधी आभार मानले का म्हणाल, तर नाव नको. पण असो, आभारांचीच गोष्ट सांगायला बसलोय.

माझा जन्म व्हिलदिय गावच्या तांबट आळीतला. तिथे दिवसभर अशी ठोकाठोक चालायची की चाळिशीला पोचेपर्यंत प्रत्येक तांबट ठार बहिरा झालेला असायचा. ओतबेकच्या फादरनी मध्यम आकाराचा कोंबडा सांगितला होता. माझ्या तांबटाने ऐकलं, मोठ्या आकाराचा. म्हणून मी असा भारदस्त झालो. फादरनी मला पाहून कपाळावर हात मारला, पण परत पाठवलं नाही.

आमच्या भागात चर्चवर कोंबडा चढवायचा म्हणजे बारसंच असतं. त्याला रिबिनी बांधतात, घरोघर फिरवतात, आणि प्रत्येक दारात सायडरचा, म्हणजे सफरचंदाच्या दारूचा, पेला पुढे येतो. कोंबडा काही पीत नाही. पण नेणारे कोंबड्याच्या वाटचंही पितात. मग बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला असतात तसे धर्मबाप आणि धर्मआई लागतात. ओतबेकात त्यात आणखी एक रीत. चर्चच्या दारात धर्मबापाने माझ्या अंगावर हात ठेवायचा आणि फादरच्या एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं, "या कोंबड्यासाठी तू काय केलंस?" खोटं बोललं तर पहिल्याच वादळात कोंबडा खाली येतो, अशी समजूत. माझा पहिला धर्मबाप गावचा गिरणीवाला होता. तो म्हणाला, "दोरखंड दिला, आणि तो परत हवाय." झालं, मी वर चढलो.

आता युद्धाचं सांगतो, कारण तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

जून १९४४. गावात चार वर्षं ठाण मांडून बसलेले जर्मन एका सकाळी उठले, गावातल्या झाडून सगळ्या सायकली घेतल्या आणि निघून गेले. फादरची सायकलसुद्धा सोडली नाही. दहाच्या सुमाराला कुंपणाकडेने अमेरिकन पोरं आली, चिखलाने माखलेली आणि घाबरलेली. त्यातला एक काडीसारखा पोरगा गुरांच्या हौदामागे पडून वर मनोऱ्याकडे बघत होता. तेवढ्यात वारा फिरला. वारा फिरला की मला फिरावंच लागतं, माझा धंदाच तो. मी वळलो, उन्हात चमकलो, आणि त्या पठ्ठ्याने धाडकन गोळी झाडली. शेपटीतून आरपार! मनोऱ्यात चिटपाखरू नव्हतं. होतो तो मी. त्या दिवशी ओतबेकमध्ये जखमी झालेला मी एकटाच.

त्याच संध्याकाळी गाव नाचलं, गायलं. तेव्हा कुठे ऑग्युस्त लेकाशू तळघरातून बाहेर आला. वय वर्षं वीस. बाहीवर प्रतिकार सेनेची पट्टी, घडीसुद्धा मोडलेली नाही. वर्षभरात त्याची गोष्ट तयार झाली. म्हणे जर्मन गावात असतानाच तो मनोऱ्यावर चढला, आपला फ्रेंच तिरंगा फडकवला, जर्मनाने खालून गोळी झाडली, ती हुकली आणि कोंबड्याला लागली. माझ्या खालीच कॅफे आहे, त्यामुळे गोष्ट वाढताना मी जातीने ऐकली. साठ साली तीन जर्मन होते. चौऱ्याऐंशी साली मशीनगन आली. रणगाडा यायचा तेवढा राहिला.

खरं काय ते गावात एकाच बाईला ठाऊक होतं. लेओंतीन. चर्चला लागून तिचं घर, मागे सफरचंदांची बाग. ऑग्युस्त ज्या तळघरात होता ते तिच्या आईचंच. पण ती पडली अस्सल नॉर्मन. आमची माणसं हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. जेवण फर्मास झालं तर म्हणतात, "खायला हरकत नव्हती." लग्नाला होकार द्यायचा तर म्हणतात, "बघायला लागेल." लेओंतीनने साठ वर्षं ऑग्युस्तची गोष्ट ऐकली आणि दर वेळी एवढंच म्हणाली, "असेल बाबा."

१९९९च्या डिसेंबरातल्या वादळाने माझा दांडा वाकवला आणि मी अडकलो. चार वर्षं नुसता पूर्वेकडे तोंड करून उभा! माझ्यावर विसंबून लोक वाळत घातलेले कपडे भिजवत होते आणि शिव्या मला देत होते. शेवटी मला खाली उतरवलं, व्हिलदियच्या तांबटाकडे नेलं, आणि ठरलं की जून २००४ला, साठाव्या वर्षी, रीतसर पुन्हा चढवायचं. म्हणजे नवा धर्मबाप लागणार.

तेवढ्यात अमेरिकेतल्या नेब्रास्काहून गावच्या मेयरबाईंना पत्र आलं. लिहिणारा वेंडेल क्रुपका. "तुमच्या मनोऱ्यातल्या जर्मन पहारेकऱ्याला मी टिपलं होतं. कोंबड्याचा धर्मबाप व्हायला आवडेल." इकडे ऑग्युस्तही त्याच मागणीसाठी रोज मेयरबाईंच्या दारात. मेयरबाईंनी दोघांना एकच उत्तर दिलं, "तुमची सूचना नाकारण्यासारखी नाही." नॉर्मन भाषेत याचा अर्थ, डोकं खाऊ नका. पण मेयरबाईंचं इंग्रजी कच्चं, म्हणून वेंडेलला जाणारं उत्तर मिस्टर पिमनी भाषांतरित केलं. हे पिम म्हणजे आमच्या गावात येऊन राहिलेले निवृत्त इंग्रज. त्यांनी लिहिलं, "आनंदाने मान्य." आणि ऑग्युस्तने स्वतःच्या सोयीने तोच अर्थ लावला.

शनिवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये जेवण होतं. मी टेबलाच्या टोकाला, रिबिनी बांधलेला, नवरदेवासारखा. मला पाहताच वेंडेलने टोपी काढली. एक्याऐंशी वर्षांचा, उंच, थोडा वाकलेला, पण मी ओळखलं. हौदामागचा तोच काडीसारखा पोरगा. त्याच्याबरोबर त्याची मुलगी लोरेन होती. बाबांनी पहारेकऱ्याला कसं टिपलं, ही गोष्ट ऐकतच ती लहानाची मोठी झाली होती. आल्या आल्या तिने दारातूनच मनोऱ्याकडे बोट करून विचारलं, "त्याच खिडकीत होता ना तो?" वेंडेलने मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

खीर येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग वेंडेलने समोर बसलेल्या लेओंतीनला विचारलं, "बाई, आम्ही आलो त्या दिवशी तुम्हाला कसं वाटलं?"

पिमनी प्रश्न पोचवला. लेओंतीनने चमचा खाली ठेवला, बराच विचार केला आणि म्हणाली, "तक्रार नव्हती."

अहो, नॉर्मन बाईच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी एकशे सतरा वर्षांत ऐकलं नव्हतं! तिच्या नवऱ्यालासुद्धा मरेपर्यंत एवढं मिळालं नाही. पण पिमनी ते जसंच्या तसं इंग्रजीत ठेवलं आणि वेंडेल लालेलाल झाला.

"तक्रार नव्हती? तक्रार? आम्ही समुद्र ओलांडून मरायला आलो आणि बाईंची तक्रार नव्हती! अहो, आम्ही नसतो ना, तर आज तुम्ही सगळे जर्मन बोलत बसला असता!"

ऑग्युस्त याचीच वाट बघत होता. "आणि आम्ही नसतो, तर तुम्ही अजून इंग्लंडच्या राणीला मुजरे करत बसला असता! तुमच्या स्वातंत्र्याला जहाजं कोणी पाठवली होती?"

"दोनशे वर्षांपूर्वी!"

"उपकार शिळे होतात का? आणि आभारांचं तुम्ही आम्हाला शिकवू नका. गेल्या वर्षी कुठल्याशा वाळवंटातल्या लढाईला आम्ही येत नाही म्हटलं, तर तुम्ही आमची वाइन गटारात ओतलीत. तळलेल्या बटाट्यांच्या, त्या 'फ्रेंच फ्राइज'च्या, नावातूनसुद्धा आम्हाला हाकललंत! बटाट्याने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"मी नाही ओतली," वेंडेल म्हणाला. "माझ्या शेजाऱ्याने ओतली. मी म्हटलं, मूर्खा, आधी पिऊन तरी टाक."

पिमनी घसा साफ केला. "भाषांतरकार म्हणून नव्हे, पण एक सांगू का? आम्ही एकोणचाळीसपासून लढत होतो. मिस्टर क्रुपका, तुम्ही जरा उशिराच—"

"तू गप रे!" दोघं दोन भाषांत एकदमच ओरडले. दोस्त राष्ट्रांचं त्या दिवशी एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

मग धर्मबापाचा विषय निघाला आणि कळलं की मेयरबाईंनी दोघांनाही शब्द दिलाय. मेयरबाई म्हणत होत्या, मी कोणालाच दिला नाही. ते खरंच होतं, पण ऐकतो कोण? वेंडेल म्हणाला, "हे भोक माझं आहे." ऑग्युस्त म्हणाला, "भोक जर्मनाचं आहे आणि ते माझ्यासाठी होतं." मी आपला मधे, माझ्याच शेपटीच्या मालकीवरून चाललेली भांडणं ऐकत होतो. जाताना वेंडेल मुलीला म्हणाला, "उद्या यांनी मला धर्मबाप केलं नाही, तर समजायचं की आम्ही आलो ते फुकट आलो." आवाजात राग होता, पण टोपी टेबलावरच विसरून निघाला. मला त्याची दया आली. गोळी मला घातली होती, तरी आली.

रविवारी सकाळी अख्खं गाव चर्चच्या दारात. आमच्या फादरकडे अकरा गावं आहेत, त्यामुळे ते सतत घाईत. "हे बघा, साडेअकराला मला दुसऱ्या गावात बाप्तिस्मा आहे. दोन धर्मबाप? ठीक आहे, दोघांनाही विचारतो. पटपट."

ऑग्युस्त पुढे आला. हात माझ्या पाठीवर. "या कोंबड्यासाठी तू काय केलंस?"

"जर्मनांच्या नाकावर टिच्चून मनोऱ्यावर चढलो. माझ्यासाठी आलेली गोळी याने झेलली." साठ वर्षांची सवय, जीभ जरासुद्धा अडखळली नाही. मला वादळं दिसायला लागली.

मग वेंडेल. त्याने हात ठेवला तो नेमका शेपटीवर. बोट भोकात गेलं. पिमनी प्रश्न पुन्हा सांगितला. फादरनी घड्याळ पाहिलं. लोरेन म्हणाली, "बाबा, सांगा ना."

"वर कोणी नव्हतं," वेंडेल म्हणाला.

पिम भाषांतर करायचेच विसरले. मेयरबाईंनी कोपराने ढोसल्यावर त्यांना आठवण झाली.

"कोणी जर्मन नव्हता. काहीतरी हललं आणि मी गोळी झाडली. मी एकवीस वर्षांचा होतो आणि भीतीने माझी पँट ओली झाली होती. मी या कोंबड्याला गोळी घातली. त्याच्यासाठी मी एवढंच केलं." मग मुलीकडे वळून म्हणाला, "लोरेन, तुला काहीतरी सांगायला हवं होतं. खरं जे झालं ते सांगवत नव्हतं, म्हणून हे सांगत राहिलो."

पहिला भानावर आला तो ऑग्युस्त. त्याच्याकडे आता गावाचे डोळे वळायला लागले होते, आणि कोंडीत सापडला की हा बाबा जास्तच जोरात बोलतो.

"म्हणजे... म्हणजे मी वर असताना मला मारायला निघालेला तू होतास! मित्र म्हणवतोस आणि गोळ्या घालतोस? माफी माग आधी!"

"ऑग्युस्त," लेओंतीन म्हणाली. आवाज चढवला नाही. "तू माझ्या आईच्या तळघरात होतास. सायडरच्या तिसऱ्या पिंपामागे. तुला जेवण मी आणून देत होते. त्या दिवशी तू दोनदा सूप मागून घेतलंस."

असा पोपट झालेला माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही! गाव आधी फिसफिसलं, मग पोट धरधरून हसलं. फादरसुद्धा हसले. ऑग्युस्त कानापर्यंत लाल होऊन बुटांकडे बघत उभा राहिला.

वेंडेल तेवढा हसला नाही. तो लेओंतीनला म्हणाला, "म्हणजे तुमच्या गावात आम्ही केलं तरी काय? जर्मन आधीच गेलेले. कालपासून मी आभार मागतोय, ते कशाचे?"

लेओंतीन त्याच्याजवळ गेली. "दुसऱ्या दिवशी तुम्ही बागेपलीकडे गेलात. दोन शेतं ओलांडून. तिथे जर्मन होते."

"होते," वेंडेल म्हणाला.

"पाच जणांना माघारी आणलं. आमच्या बागेतच पुरलं. तीन महिन्यांनी मोठ्या कबरस्तानात हलवलं, नावांच्या लाकडी पाट्याही गेल्या. तोवर ती नावं मला पाठ झाली होती." आणि तिने एप्रनला हात पुसले, शाळेतल्या मुलीसारखी सरळ उभी राहिली. "ओवार. रुबाँ. क्लीद. एआर्ल. झेरी."

मी चाटच पडलो. ही नावं तर मी रोज ऐकत होतो! रोज सकाळी ती बागेत दाणे टाकताना हीच नावं घेते. आणि मला आपलं साठ वर्षं वाटत होतं, बाई कोंबड्यांना हाका मारतेय. माझी मलाच लाज वाटली.

"हॉवर्ड," वेंडेल पुटपुटला. "त्याचं नाव हॉवर्ड होतं. आणि रूबेन. आणि क्ला..." लोरेनने त्याचा दंड धरला.

"तुम्ही विचारलंत कसं वाटलं," लेओंतीन म्हणाली. "मला बोलता येत नाही हो. आमच्यात कोणालाच येत नाही."

हे पिमनी अगदी हळू आवाजात सांगितलं, आणि स्वतःचं एक अक्षर त्यात घातलं नाही. साडेअकरा वाजून गेले होते. फादरनी घड्याळाकडे पाहिलंच नाही.

ऑग्युस्तने बुटांवरची नजर वर केली. "फादर, यालाच धर्मबाप करा. साठ वर्षांत या कोंबड्याकडे इतका नेम धरून कोणी बघितलं नव्हतं." मग वेंडेलकडे बघून म्हणाला, "गोळी हुकली असती तर तोंड दाखवायला जागा नव्हती तुला. एवढा मोठा कोंबडा!"

वेंडेल हसता हसता रडला की रडता रडता हसला, कोण जाणे. धर्मबाप तो झाला आणि धर्मआई लेओंतीन. ऑग्युस्तला शिडी धरायचं काम मिळालं, आणि ते त्याने मनापासून केलं.

तांबटाने माझ्या पोटाचं झाकण तेवढं उघडं ठेवलं होतं. डाग देऊन ते पक्कं बंद करण्याआधी त्याने विचारलं, "आत काही कागद ठेवायचाय का? कोणी कोणी ठेवतात." लेओंतीनने पिमकडून पेन घेतलं आणि पाच नावं लिहिली, जशी घेते तशीच. लोरेनने डोकावून पाहिलं.

"बाबा, सगळी चुकलीत. नीट करून देऊ का?"

"राहू दे," वेंडेल म्हणाला. "घरी आता त्यांचं नाव घेणारं कोणी उरलं नाही. इथे रोज सकाळी कोणीतरी घेतंय. ज्या नावाने घेतंय, तेच राहू दे."

तो कागद माझ्या पोटात आहे. मी वर आलो, सरळ उभा आहे, वारा आला की बिनतक्रार वळतो. शेपटीचं भोक कोणी बुजवलं नाही. खाली कॅफेत वाद चालूच असतात, कोणी कोणाला वाचवलं आणि कोण किती उशिरा आलं. पिमही असतातच. चालू द्या. फक्त भांडताना कधीतरी बागेकडे कान द्या, एवढंच माझं मागणं.

यंदाच्या मार्चमध्ये नेब्रास्काहून लोरेनचं पत्र आलं. वेंडेल गेला. पत्र मेयरबाईंनी वाचून दाखवलं. लेओंतीन ऐकून घेतल्यावर "बरं" एवढंच म्हणाली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दाण्यांची टोपली घेऊन बागेत आली. मी वरून मोजत होतो. ओवार, रुबाँ, क्लीद, एआर्ल, झेरी. मग जरा थांबली, आणि म्हणाली, "व्हाँदेल."